फ्राउन आणि ग्रिमेस: दोन्हीकडे 'तोंड वाकडं' का चालत नाही

प्रश्न असा आहे. एका इंग्रजी कथेचं मराठी करायला घेतलं आहे. त्यात मुलगा खेळून घरी येतो, गुडघा फुटलेला असतो. आई जखम बघते आणि 'फ्राउन' करते. मग ती जखम धुवायला घेते तेव्हा मुलगा 'ग्रिमेस' करतो. शब्दकोश चाळून दोन्ही ठिकाणी 'तोंड वाकडं केलं' असं लिहिलं, पण वाचताना खटकतंय. या दोन शब्दांत फरक काय आणि मराठीत लिहायचं काय?

खटकलं हे फार चांगलं झालं. कान शाबूत असल्याची ती खूण आहे. त्या पानावर आई एक गोष्ट करते आहे आणि मुलगा दुसरीच, आणि आपल्या मराठी वाक्यात मात्र दोघांची तोंडं एकाच साच्यातून निघाली आहेत.

फ्राउन हे भुवयांचं काम. दोन्ही भुवया खाली येतात, एकमेकींकडे सरकतात आणि मध्ये, नाकाच्या वर, उभी आठी पडते. बाकीचा चेहरा होता तसाच राहू शकतो. ग्रिमेस मात्र अख्ख्या चेहऱ्याची उलथापालथ आहे. डोळे बारीक होतात किंवा घट्ट मिटतात, नाक आक्रसतं, ओठ ताणले जातात, पुष्कळदा दात दिसतात. फ्राउनचं मूळ बहुधा मनात असतं: नापसंती, काळजी, काही न उमगणं, नुसतं लक्ष लावणं. ग्रिमेसचं मूळ बहुधा शरीरात असतं: कळ, कडू चव, घाणेरडा वास. अवघडलेपणाने, ओशाळेपणानेही माणूस ग्रिमेस करतो, पण तेव्हासुद्धा काहीतरी कडू गिळल्यासारखाच चेहरा होतो.

घरच्या घरी पडताळून बघता येईल. आईला किंवा आजीला औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरातली तारीख वाचायला सांगा आणि त्यांच्याकडे बघा. भुवया जवळ येतील, मधली आठी उमटेल, ओठ शांत असतील. राग नाही, दुखत नाही, फक्त अक्षर लागत नाहीये. हे फ्राउन. आणि पाडव्याच्या सकाळी घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराला कडुनिंबाचं पान चावायला द्या. पहिले दोन क्षण काहीच होत नाही. मग कडू रस जिभेच्या मागे पोचतो आणि डोळे मिटतात, नाक वर चढतं, ओठ दोन्ही कानांकडे ओढले जातात, जीभ बाहेर येते, मान आखडते. हे ग्रिमेस. गूळ तोंडात पडला की ते मावळतं. एकदा हे दोन चेहरे शेजारी शेजारी पाहिले की शब्दांची गल्लत सहसा होत नाही.

मग शब्दकोशात गल्लत का होते? कारण या दोन हावभावांत एक स्नायू सामाईक आहे. भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूला कॉरुगेटर म्हणतात. नीट निरखलं तर कडुनिंब चावणाऱ्या त्या पोराच्या भुवयाही खाली आलेल्या असतात. ग्रिमेसमध्ये बहुधा फ्राउन मिसळलेलं असतं. उलट मात्र होत नाही. नुसत्या फ्राउनमध्ये ग्रिमेस नसतं.

या एका स्नायूबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या तीन मोठ्या माणसांनी तीन वेगळी मतं मांडली आणि मला ती तिन्ही फार उपयोगी वाटतात. पहिले चार्ल्स बेल, स्कॉटलंडचे शल्यविशारद. चेहऱ्याच्या लकव्याला 'बेल्स पाल्सी' हे नाव ज्यांच्यावरून पडलं तेच हे. त्यांच्या मते हा मानवी चेहऱ्यातला सर्वांत विलक्षण स्नायू, कारण तो भुवया जुळवतो तेव्हा समोर एक 'मन' असल्याची जाणीव होते. दुसरे फ्रान्सचे डॉक्टर द्युशेन. त्यांनी विजेचा सौम्य प्रवाह देऊन चेहऱ्याचे स्नायू एकेक करून हलवून पाहिले, त्यांची छायाचित्रं घेतली आणि 1862 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांनी याच स्नायूला वेदनेचा स्नायू ठरवलं. तिसरे चार्ल्स डार्विन. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारांवरचं त्यांचं पुस्तक 1872 साली आलं. त्यांचं म्हणणं असं की हा स्नायू अडचणीचा. माणूस कितीही खोल विचारात असला तरी कपाळ गुळगुळीतच राहतं. विचाराच्या वाटेत काही आडवं आलं, की त्या क्षणी कपाळावरून फ्राउन सावलीसारखं सरकून जातं.

मन, वेदना, अडचण. बेल आणि डार्विन यांना दिसलं ते मुख्यतः फ्राउन आणि द्युशेन यांना दिसलं ते ग्रिमेसमधलं फ्राउन, असं मी समजते. माझ्या रोजच्या कामात मात्र डार्विनची 'अडचण' सर्वांत जास्त उपयोगी पडते. इंग्रजी पात्राने फ्राउन केलं की मी आधी विचारते: याच्या वाटेत काय आडवं आलं? उत्तर सापडलं की मराठी वाक्य आपोआप सुचतं.

डार्विनच्या या पुस्तकाशी महाराष्ट्राचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हावभाव सगळ्या मानवजातीत सारखे असतात का हे तपासायला त्यांनी 1867 साली जगभर प्रश्नावली पाठवली. कोडं सोडवताना माणसं भुवया आक्रसतात का, हाही त्यातला एक प्रश्न. अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या गृहस्थांनी तिथल्या लोकांचं निरीक्षण करून उत्तरं पाठवली. पण त्यांनी हेही कळवलं की ठाम काही सांगणं कठीण जातंय, कारण गोऱ्या माणसासमोर ही माणसं आपल्या भावना लपवतात. मला हे वाक्य हलवून सोडतं. साहेबासमोर उभा राहिलेला आपला कुणी पणजोबा भुवईसुद्धा हलू देत नव्हता. चेहरा वाचणाऱ्याला काय दिसतं ते समोरच्याला किती मोकळं वाटतं यावरही ठरतं, हे त्या एका शेऱ्यात पकडलं गेलं आहे.

हा फरक निव्वळ कथा-कादंबऱ्यांपुरता नाही. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या बालविभागातले तक्ते मराठीत तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात लहान मुलांची वेदना मोजायचा एक तक्ता होता. 'फ्लॅक' म्हणून तो ओळखला जातो, 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना दुखणं शब्दांत सांगता येत नाही त्यांच्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं अशा पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला 0 ते 2 गुण, एकूण 10. चेहऱ्याला 1 गुण कधी द्यायचा? अधूनमधून 'ग्रिमेस किंवा फ्राउन' दिसलं तर. दोन्ही शब्द एकाच ओळीत! आधीच्या अनुवादात ती ओळ 'अधूनमधून तोंड वाकडे करणे' एवढीच उरली होती. दोन शब्दांना एकच प्रतिशब्द सापडला, म्हणून एक गाळला गेला.

त्याने काय होतं ते मी त्या वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं. पोटाचं ऑपरेशन झालेला साधारण चार वर्षांचा मुलगा. रडत नव्हता, तोंड घट्ट मिटलेलं, नजर छताला. नव्या सिस्टरने तक्ता वाचला, मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, तोंड वाकडं नव्हतं, चेहऱ्यापुढे शून्य लिहिलं. तिचं काही चुकलं नव्हतं. कागद सांगत होता तेच तिने केलं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी मुलाच्या दोन भुवयांच्या मधोमध अंगठा अलगद ठेवला आणि म्हणाल्या, "इथं बघ, इथं. दुखतंय याला. बोलत नाहीये एवढंच." अंगठा उचलला तरी आठी तिथेच होती.

मी ती ओळ अशी केली: 'अधूनमधून भुवया आक्रसतात किंवा चेहरा वेदनेने पिळवटतो'. मग त्या नव्या सिस्टरने फार नेमकं विचारलं, "पण मॅडम, पोरं मोबाइलवर कार्टून बघतानाही भुवया अशाच करतात, मग त्यांनाही गुण द्यायचा का?" शंका खरी होती, कारण एकट्या भुवयांवरून दुखणं ठरत नाही. म्हणून तर त्या तक्त्यात चेहऱ्याबरोबर आणखी चार गोष्टी आहेत. कार्टून बघणाऱ्या मुलाचे पाय सैल पडलेले असतात, दुखणाऱ्या मुलाचे आखडलेले. वेदनेच्या चेहऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सापडलेल्या हालचाली चार आहेत: भुवया खाली येणं, डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळणं, नाक आक्रसणं किंवा वरचा ओठ उचलला जाणं आणि डोळे मिटणं. पहिली एकटी आली तर फ्राउन. बाकीच्या तिघी सोबतीला आल्या की ग्रिमेस.

वैद्यकात ग्रिमेस हा शब्द आणखीही भेटतो. बाळ जन्मल्याबरोबर त्याला जो 'अपगार' गुण देतात, त्या नावातल्या पाच इंग्रजी अक्षरांपैकी 'जी' हे ग्रिमेसचं. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी ही पद्धत 1953 साली प्रसिद्ध केली. त्यांच्या आडनावाच्या अक्षरांत पाच लक्षणं नंतर बसवली गेली. चिमटा काढल्यावर किंवा नाकात नळी घातल्यावर बाळ काहीच करत नसेल तर 0, चेहरा आक्रसला तर 1, जोरात रडलं, शिंकलं, खोकलं तर 2. इथे फ्राउन हा शब्द मुळीच बसत नाही. दोन मिनिटांच्या बाळाला नापसंती कसली असणार, त्याचं शरीर बोलतंय. प्रयोगशाळेतल्या उंदरांची वेदना मोजायलाही 2010 साली 'ग्रिमेस स्केल' तयार झालं, मग घोड्यांसाठीही झालं. जनावरांसाठी 'फ्राउन स्केल' असं काही माझ्या वाचनात नाही, आणि त्याचं कारणही बहुधा हेच.

आता एक अडचण, जी पुष्कळ चांगल्या अनुवादकांनाही माहीत नसते. अमेरिकेत फ्राउन हे भुवयांवरून खाली उतरून ओठांवर आलं आहे. तिथल्या लहान मुलाला कागदावर फ्राउन काढायला सांगा, ते ओठांची कोपरं खाली वळवलेलं तोंड काढेल. स्मितहास्याच्या उलट ते फ्राउन. ब्रिटनमध्ये अजूनही ते भुवयांचंच. संगणकावर हसरा आणि दुःखी चेहरा टायपायची सुचवण 1982 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी केली, तेव्हा दुःखी चेहऱ्यात भुवया नव्हत्या, होता तो उलटा कंस. मोबाइलमधल्या 'फ्राउनिंग फेस' या इमोजीलाही तोंड खाली वळलेलं असतं. तेव्हा कथेचा लेखक कुठला ते आधी बघा. अमेरिकी कथेत रडवेल्या मुलीने फ्राउन केलं असेल तर 'भुवया आक्रसल्या' हे चुकेल. तिथे 'तिचं तोंड उतरलं', 'ओठ खाली वळले' असं काहीतरी हवं. पण अमेरिकेतही जुना अर्थ पुरता गेलेला नाही. बोटॉक्सला तिथल्या औषध प्रशासनाने 2002 साली सौंदर्योपचारासाठी मान्यता दिली ती 'फ्राउन लाइन्स'साठी, आणि त्या रेषा ओठांजवळच्या नव्हेत, भुवयांमधल्याच.

शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. फ्राउन इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे त्याचा संबंध होता नाक मुरडण्याशी, नाकाने फुरफुरण्याशी. त्यामागचा मूळ शब्द बहुधा नाकपुडीचा. म्हणजे नाकातून निघाला, भुवयांवर चढला आणि अटलांटिक ओलांडून ओठांवर उतरला. ग्रिमेसही फ्रेंचमधूनच आला, त्याचं मूळ बहुधा 'मुखवटा' या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. चेहरा क्षणभर स्वतःचा राहत नाही, मुखवट्यासारखा होतो, हे त्या शब्दात आजही जाणवतं. मुलं एकमेकांना वेडावून दाखवतात, वाकुल्या दाखवतात, त्यालाही जुन्या इंग्रजीत ग्रिमेस चालतं, ते यामुळेच.

मराठीत काय लिहायचं, हा तुमचा खरा प्रश्न. इंग्रजी एका क्रियापदात सगळा हावभाव गुंडाळते आणि तो कुठे घडला हे वाचणाऱ्यावर सोडते. मराठी अवयवाचं नाव घेते. नाक मुरडणं, डोळे वटारणं, गाल फुगवणं, ओठ काढणं, भिवई चढवणं, कपाळाला आठ्या घालणं, तोंड पाडणं. आपल्याकडे ही बारकाईची सवय फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात एकट्या भुवयांचे सात प्रकार वेगळे केले आहेत. म्हणून 'फ्राउनला मराठी शब्द कोणता' असं विचारलं की वाट चुकते. विचारायचं ते हे, की इथे कोणता अवयव हलला आणि कशाने. 'तोंड वाकडं करणं' हा वाक्प्रचार वाईट नाही, पण त्यात तक्रार आणि नाखुषी पक्की बसलेली आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर तोंड वाकडं करतात. जखमेवर पाणी पडल्यावर नव्हे.

फ्राउनसाठी मला दोन मुख्य वाटा दिसतात आणि त्यांत सरमिसळ करू नये असं मी नवीन अनुवादकांना कळकळीने सांगते. 'आठ्या' म्हटलं की मराठी कानाला नापसंती ऐकू येते. पाहुणे अवेळी आले, यजमानीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण इंग्रजी कादंबरीत कुणी नकाशाकडे बघून फ्राउन करतो आणि आपण 'नकाशा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या' लिहितो, तेव्हा तो माणूस नकाशावर वैतागलेला दिसतो. बिचारा फक्त वाट शोधत असतो. तिथे 'नकाशा बघता बघता त्याच्या भुवया जवळ आल्या' किंवा 'तो भुवया आक्रसून नकाशा बघू लागला'. विचार, काळजी, न उमगणं यांना भुवया. नाराजी, त्रासिकपणा यांना आठ्या. आणि 'फ्राउन अपॉन' म्हणजे समाजाला एखादी गोष्ट न रुचणं, तिथे भुवया आणि आठ्या दोन्ही सोडून द्या. मराठी लोक अशा वेळी नाकं मुरडतात. शब्द फिरून पुन्हा आपल्या मूळ नाकपुडीपाशी येतो याचा मला दर वेळी आनंद होतो.

ग्रिमेससाठी कारणाप्रमाणे शब्द बदलतो. कळ आली तर चेहरा पिळवटला, किंवा त्याने दात दाबून कळ जिरवली. चव किंवा वास असेल तर तोंड कडवट केलं, नाक-तोंड आक्रसलं. आणि ओशाळेपणाचं ग्रिमेस असेल, म्हणजे चुकीचा निरोप दिल्याचं लक्षात येऊन माणूस दात दिसतील असं ओढून-ताणून तोंड करतो ते, तर मराठीत एक अप्रतिम शब्द तयार आहे: कसनुसा. 'तो कसनुसं तोंड करून म्हणाला.' दात आवळलेलं ते ग्रिमेस इमोजी आपण चॅटमध्ये पाठवतो तेव्हा मनात हाच शब्द असतो.

आसपासचे दोन शब्द जाता जाता. 'स्काउल' म्हणजे फ्राउनमध्ये राग आणि समोर कुणीतरी: डोळे वटारणं, खाऊ की गिळू नजरेने बघणं. 'विन्स' म्हणजे ग्रिमेसचा एक क्षणाचा भाऊ, त्यात चेहऱ्यापेक्षा अंग चोरणं जास्त.

आता तुमचं पान. मुलाचं वाक्य सोपं आहे. 'पाणी लागताच त्याचा चेहरा पिळवटला', किंवा पोर धीट दाखवलं असेल तर 'त्याने डोळे मिटून दात दाबले'. कथा अमेरिकी असली तरी मुलाचं हे वाक्य बदलत नाही, ग्रिमेस दोन्हीकडे सारखंच आहे. आईचं वाक्य मात्र तुम्हाला कथेला विचारावं लागेल. ती जखम किती खोल आहे हे बघत असेल तर 'गुडघा बघताना आईच्या भुवया आक्रसल्या'. 'नको जाऊ म्हटलं होतं ना' हे वाक्य तिच्या ओठांवर असेल तर 'गुडघा बघून आईच्या कपाळाला आठ्या पडल्या'. पुढच्या परिच्छेदात ती त्याला जवळ घेते की रागावते ते पाहा, आणि त्यावरून आधीचं वाक्य ठरवा.